आभाळ बदललं, पण ऊन गेलंच नाही

निपाणीच्या, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका पोरानं विचारलंय. आरफॅक्टर या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमसाठी त्यानं आकाश बदलायची एक छोटी युटिलिटी उतरवून घेतली. यादीतून ट्रॅक निवडायचा, शेजारी आकाशांची छोटी चित्रं दिसतात, त्यातलं एक निवडून 'लागू करा' दाबायचं. त्यानं कुणा हौशी माणसानं बनवलेला एक घाटाचा ट्रॅक घेतला आणि त्याला काळंभोर पावसाळी आभाळ लावलं. त्याला तो ट्रॅक बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटातल्या जुलै महिन्यासारखा दिसायला हवा होता, कारण कॉलेजच्या गॅदरिंगला प्रोजेक्टरवर दाखवायचाय. झालं काय, तर वर ढग आले आणि खाली रस्त्यावर लख्ख ऊन, गाडीखाली शाईसारखी सावली, लांबचे डोंगर निळेशार. मागच्या बाजूला आभाळात एक उभी रेघ दिसते. आणि गेम परत सुरू केला की कधी नवं आकाश येतं, कधी जुनंच. 'दादा, ही युटिलिटी बोगस आहे काय? दुसरी चांगली सांगा की.'

दादा म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करतो.

युटिलिटी बोगस नाही. तिनं सांगितलेलं काम चोख केलंय, फक्त तुला जे पाहिजे ते तिचं कामच नव्हे. तुझा खरा प्रश्न 'आकाश कसं बदलू' हा नाही, 'उजेड कसा बदलू' हा आहे. या दोन गोष्टी गेमच्या पोटात वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि एकीला दुसरीची खबर नसते.

माझा धंदा अल्बम आणि फ्लेक्सचा, बेळगावात टिळकवाडीत. सिम्युलेटर हे रात्रीचं व्यसन, पण हा धडा मी धंद्यातच शिकलो. सुरुवातीच्या काळात एका लग्नाच्या अल्बमात मी मागचं पांढरंफटक आभाळ काढून छान संध्याकाळचे केशरी ढग बसवले. नवऱ्या मुलीच्या मामानं फोटो हातात घेतला, दोन मिनिटं बघितला आणि म्हणाला, 'काय ओ, संध्याकाळ झाली तरी पोरीच्या कपाळावर बाराचं ऊन?' त्यांना फोटोशॉप माहीत नव्हतं, ऊन माहीत होतं. तुझ्या गॅदरिंगला बसलेली पोरंही तशीच. त्यांना टेक्श्चर (गेममधल्या वस्तूवर चिकटवलेलं चित्र) म्हणजे काय ते कळायची गरज नाही. जांबोटी, कणकुंबीवरून गोव्याला जाताना पावसात त्यांनी रस्ता पाहिलाय. चुकलेलं त्यांना एका सेकंदात खटकेल.

आता आत काय होतं ते सांगतो. आरफॅक्टर २००५ सालचा गेम. त्यात आकाश म्हणजे ट्रॅकभोवती ठेवलेला एक मोठा पोकळ घुमट किंवा पेटी, आणि तिच्या आतल्या अंगाला चिकटवलेलं चित्र. तुझी युटिलिटी फक्त ते चित्र बदलते. त्या चित्रातून एक थेंबही उजेड रस्त्यावर पडत नाही. नाटकातल्या मागच्या पडद्यासारखं आहे बघ. पडद्यावर पौर्णिमा रंगवली म्हणून रंगमंचावरचे दिवे आपोआप मंद होत नाहीत, दिवेवाल्याला वेगळं सांगावं लागतं.

दिवेवाल्याला सांगायची चिठ्ठी म्हणजे ट्रॅकच्या फोल्डरमधली जीडीबी फाइल. गेमडेटा, त्यात लोकेशन्स, त्यात तुझा ट्रॅक. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आत ट्रॅकचं नाव, शर्यतीच्या वेळा असल्या गोष्टी असतात आणि खाली उजेडाच्या ओळी असतात: सनराइज, डे, सनसेट, नाइट अशा चार वेळा. प्रत्येक वेळेला तीन रंग. अँबियंट म्हणजे सगळीकडून येणारा पसरलेला उजेड, डायरेक्शनल म्हणजे सूर्याचा सरळ उजेड, आणि फॉग म्हणजे लांबच्या वस्तू ज्या रंगात विरतात तो रंग. प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत, ० ते २५५.

उन्हाळी दिवसाच्या ट्रॅकात डायरेक्शनल २५५ च्या आसपास आणि अँबियंट त्याच्या निम्मं किंवा कमी असं सहसा सापडतं. सावली गडद का दिसते ते इथंच कळतं. उन्हातल्या जागेला दोन्ही उजेड मिळतात, सावलीतल्या जागेला फक्त अँबियंट. दोघांतला फरक म्हणजेच सावलीचा गडदपणा. ढगाळ दिवशी खऱ्या जगात काय होतं? भर उन्हात जमिनीवर साधारण १ लाख लक्स उजेड पडतो. ढग दाटले की तो १० हजारांवर येतो, आणि आपल्या आषाढातल्या काळ्या ढगांत हजार-दोन हजारांवरही. पण डोळा आणि कॅमेरा दोघंही जुळवून घेतात, त्यामुळे आपल्याला दुपार दहापट काळी दिसत नाही. आपल्याला दिसतं ते एवढंच, की सावली गेली. म्हणून नवखी माणसं इथं जी चूक करतात ती तू करू नकोस: सगळेच आकडे खाली ओढायचे नाहीत. तसं केलं तर पावसाळा येत नाही, नुसती लाईट गेल्यासारखं दिसतं. डायरेक्शनल खाली आण, आणि अँबियंट उलट थोडं वर ने.

माझ्याकडे एका घाटाच्या ट्रॅकवर डे-डायरेक्शनल ६०, ६२, ६५ आणि डे-अँबियंट १५०, १५५, १६० असं बसलं. हे आकडे तुझ्याकडे जसेच्या तसे चालतीलच असं नाही. रस्त्याचं टेक्श्चर बनवणाऱ्यानं किती उजळ ठेवलंय, तू गेम डायरेक्टएक्सच्या ९ व्या आवृत्तीवर चालवतोस की जुन्या ग्राफिक्स कार्डामुळं ७ व्या, प्रोजेक्टर किती धुतलेला आहे, या सगळ्यावर ते हलतात. निळा आकडा लालपेक्षा किंचित जास्त ठेवायचा, एवढं मात्र धर. ढगातून गाळून आलेला उजेड थंड असतो. पण ५ चा फरक पुरे. मी एकदा २५ चा ठेवला, तर घाट मत्स्यालयासारखा दिसायला लागला.

आता त्याच फाइलीतल्या अशा तीन ओळी, ज्यांच्याकडे कुणीच बघत नाही: लॅटिट्यूड, नॉर्थ डायरेक्शन आणि रेस डेट. अक्षांश, उत्तर कुठल्या बाजूला, आणि तारीख. गेम यांच्यावरून सूर्य कुठं ठेवायचा ते ठरवतो. हौशी ट्रॅक बनवणारे ही फाइल बहुतेक वेळा दुसऱ्या ट्रॅकवरून उचलतात, नाव बदलतात आणि सोडून देतात. त्यामुळं ट्रॅक आपल्या घाटासारखा आणि सूर्य युरोपातला, असा प्रकार होतो. तू उघडून बघ, मला वाटतं तुझ्याकडेही तिथं चाळीस-पन्नासच्या मधला काहीतरी आकडा निघेल.

याचा फरक किती पडतो ते सांगतो, कारण मला स्वतःला हे कळायला फार उशीर झाला. बेळगाव साधारण १५.८५ उत्तर अक्षांशावर आहे. जर्मनीतला न्युर्बुर्गरिंग ५०.३ वर. तिथं जूनमधल्या सगळ्यात मोठ्या दिवशीही भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ६३ अंशांच्या वर जात नाही, आणि डिसेंबरात तर १६ अंशांवरच असतो. एक मीटरच्या खुंट्याची दुपारी बाराची सावली तिथं तेव्हा जवळजवळ साडेतीन मीटर पडते. आपल्याकडे डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा सूर्य ५१ अंशांवर असतो, त्याच खुंट्याची सावली ८० सेंटीमीटर. म्हणजे आपल्या हिवाळ्यातली दुपारची सावली त्यांच्या हिवाळ्याच्या एक चतुर्थांश.

आणि आपली गंमत तर पुढंच आहे. मे महिन्याच्या चार तारखेच्या आसपास आणि मग ऑगस्टच्या आठ तारखेच्या आसपास सूर्य बेळगावच्या बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. शाळेत शून्य सावलीचा दिवस म्हणून काठी रोवून दाखवतात, तो हाच. या दोन तारखांच्या मधले तीन महिने दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. म्हणजे तुला हवा तो जुलै नेमका या उलट्या काळात येतो. युरोपच्या अक्षांशावर ही गोष्ट कधीच होत नाही. तू लॅटिट्यूड १५.८ कर, रेस डेट जुलैमधली कुठलीही टाक, आणि मग ट्रॅकवर गाडी उभी करून बघ. काहीही न करता सावली गाडीच्या पोटाखाली गोळा झालेली दिसेल. ढगाळ दिवसाला तेच हवं असतं. म्हणजे थोडीफार सावली शिल्लक राहिली तरी ती लांब पसरत नाही, खपून जाते.

एक बारीक भानगड. आपलं सरकारी घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशावर चालतं, आणि बेळगाव ७४.५ वर आहे. ८ अंशांचा फरक, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३२ मिनिटं. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा नव्हे, साडेबारा वाजलेले असतात. म्हणून मोबाइलच्या फोटोवरची वेळ वाचून तीच गेममध्ये टाकू नकोस. वेळ पुढं-मागं करत सावलीच जुळव. गॅदरिंगमध्ये हे कुणी मोजणार नाही, खरंय. पण पुढं कधी संध्याकाळचा ट्रॅक करशील तेव्हा हा अर्धा तास नडेल.

आता धुकं. सगळा चोर्ला इथंच आहे, म्हणून जरा थांबून लिहितो.

पावसाळ्यात बेळगावातून वर बघितलं तर ढग डोक्यावर असतात. कणकुंबीच्या पुढं गेलास की तू ढगाच्या खाली नसतोस, ढगाच्या आत असतोस. तिथं काळं आभाळ दिसतच नाही. वर, समोर, बाजूला सगळीकडे एकच दुधाळ करडा रंग, आणि त्यातून झाडं एकेक करून बाहेर येतात. म्हणजे तू निवडलेलं ते नाट्यमय काळं आभाळ चोर्ल्याला मुळातच चुकीचं आहे. ते आभाळ सांबऱ्याच्या विमानतळाच्या मोकळ्या माळावर शोभेल, किंवा राजहंसगडावरून येळ्ळूरच्या शेतांकडे बघताना. घाटासाठी यादीतलं सगळ्यात कंटाळवाणं, सपाट करडं चित्र निवड. दिसायला काहीच नाही असं.

मग फॉगचा रंग. नियम एकच: फॉगचा रंग आकाशाच्या चित्राच्या तळाच्या पट्टीच्या रंगाशी जुळला पाहिजे. कारण लांबचा डोंगर फॉगच्या रंगात विरतो आणि त्याच्या मागं आकाशाची तळपट्टी असते. दोन्ही रंग एक झाले की डोंगर नाहीसा होतो. वेगळे राहिले की डोंगराची कडा कात्रीनं कापल्यासारखी उभी राहते. तुला निळे डोंगर दिसतायत ते यामुळंच, फॉगचा रंग अजून जुन्या निळ्या आभाळाचा आहे. आकाशाचं चित्र कुठल्याही फोटो एडिटरमध्ये उघड, क्षितिजाच्या जरा वरचा रंग पिपेटनं उचल, ते तीन आकडे जीडीबीच्या डे-फॉग ओळीत लिही. दोन मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो.

फॉग किती अंतरावर सुरू व्हायचा आणि कुठं पूर्ण झाकायचा हे मात्र जीडीबीत नाही, ते एससीएन फाइलीत असतं. तीही नोटपॅडमध्ये उघडते. फॉगइन आणि फॉगआउट असे दोन आकडे सापडतील, मीटरमध्ये. त्यांच्या शेजारी फॉगमोड बघ. तो लिनियर असेल तर हे दोन आकडे काम करतात. एक्स्पोनेन्शियल असेल तर घनतेचा वेगळा आकडा असतो, तो हलवावा लागतो. पुष्कळ जण इथं फसतात, अंतर बदलत बसतात आणि काहीच होत नाही म्हणून गेमला शिव्या देतात. हवामानवाले १ किलोमीटरच्या आत दृश्यता आली की त्याला धुकं म्हणतात. चोर्ल्यात जुलैत कित्येकदा पुढच्या ट्रकचा लाल दिवा पन्नास मीटरवर पहिल्यांदा दिसतो. पण गेममध्ये तेवढं खरं ठेवू नकोस, पहिल्या वळणाला दरीत जाशील. मी फॉगइन १० आणि फॉगआउट ३०० ठेवतो. खोटं आहे, पण चालवता येतं आणि बघणाऱ्याला घाट वाटतो.

जाता जाता आणखी एक सांगतो, स्वतः आभाळ रंगवायला बसलास तर उपयोगी पडेल. पूर्ण ढगाळ आभाळ सगळीकडे सारखं उजळ नसतं. डोक्यावरचा भाग क्षितिजाजवळच्या भागापेक्षा सुमारे तिप्पट तेजस्वी असतो. प्रकाशयोजना करणारे लोक इमारतींचे हिशेब याच प्रमाणावर मांडतात. म्हणून वर उजळ आणि खाली सावकाश गडद होत जाणारी करडी छटा खरी वाटते. आपण सवयीनं उलट रंगवतो, कारण निळं आभाळ खाली फिकट असतं.

मी स्वतः दोन-तीन आभाळं येळ्ळूरच्या गडावरून मोबाइलनं काढली आहेत. चारी बाजूंना काही आडवं येत नाही, म्हणून ती जागा सोयीची. पॅनोरामा घेताना एक्स्पोजर कुलूपबंद करायचं, नाहीतर सूर्याकडे वळलास की मोबाइल सगळं काळं करतो आणि पाठ फिरवली की पांढरं, मग चित्रात पट्टे येतात. उन्हातलं आभाळ असेल तर चित्रातला सूर्य पुसून टाकायचा. मी पहिल्या वेळी पुसला नाही. गेम आपला सूर्य वेगळा काढतोच, त्यामुळं आभाळात दोन सूर्य उगवले. वर चित्रातला सूर्य जागचा हलत नाही आणि गेमचा सरकत राहतो. माझा धाकटा भाचा म्हणाला, 'मामा, हे कुठलं गाव?'

तुझ्या त्या उभ्या रेघेबद्दल. चित्र गुंडाळून घुमटावर लावलं की डावी कड उजव्या कडेला येऊन मिळते, आणि दोन्ही जुळत नसल्या की तिथं शिवण दिसते. फोटोशॉपमध्ये ऑफसेट फिल्टरनं चित्र निम्म्या रुंदीनं सरकव. कड मध्यभागी येईल. तिथं ढग क्लोन करून जोड मिटव, आणि परत सरकव. पण आधी बघून घे की तुझ्या ट्रॅकला घुमट आहे की सहा तुकड्यांची पेटी. पेटी असेल तर एका लांब चित्रानं काम होत नाही, आणि युटिलिटीनं चुकीच्या जातीचं चित्र चिकटवलं असेल तर रेघ हा फक्त पहिला दोष, वर बघितलंस तर ढग चिमटलेलेही दिसतील.

रेघेशिवाय तुला आभाळात पायऱ्या-पायऱ्या दिसत असतील, म्हणजे करड्याच्या एका छटेतून दुसरीत जाताना कडा, तर ते वेगळं दुखणं. आम्हाला फ्लेक्सवर आभाळ छापताना हाच त्रास होतो. गेममध्ये याचं कारण डीडीएसचं, म्हणजे गेमच्या चित्रांच्या फाइलीचं, कॉम्प्रेशन. डीएक्सटी १ प्रकारात चार बाय चार पिक्सेलच्या प्रत्येक चौकोनाला चारच रंग मिळतात, आणि ते ज्या दोन मूळ रंगांवरून काढतात त्यांत लाल आणि निळ्याच्या फक्त ३२ पायऱ्या, हिरव्याच्या ६४. सपाट करड्या आभाळाला हे मारक. पुष्कळ जण सांगतात की डीएक्सटी ५ वापर. काही उपयोग नाही, त्यात पारदर्शकतेची माहिती जास्त असते, रंग तसेच साठवतात. मी आभाळापुरतं कॉम्प्रेशन सोडूनच देतो. २०४८ बाय १०२४ चं चित्र बिनकॉम्प्रेशनचं ८ एमबी होतं, आजकालच्या ग्राफिक्स कार्डाला ते जाणवणारही नाही. ४०९६ बाय २०४८ चं केलंस तर ३२ एमबी. तेवढ्याची धुक्याला गरज काय? कॉम्प्रेशन ठेवायचंच असेल तर आधी चित्रावर अगदी हलका नॉइज मार, पायऱ्या लपतात.

नवं आकाश कधी येतं, कधी येत नाही, याचं कारण मला गेममध्ये नव्हे तर विंडोजमध्ये दिसतं. गेम प्रोग्राम फाइल्समध्ये टाकलायस ना? विस्टापासून पुढचं विंडोज तिथं जुन्या प्रोग्रामांना सरळ लिहू देत नाही. युटिलिटी साधी चालवलीस तर तिनं लिहिलेली फाइल गुपचूप तुझ्या अ‍ॅपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात जाते. गेम पण साधाच चालवलास तर त्याला ती दिसते. गेम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलास की तो खरं फोल्डर वाचतो, तिथं जुनंच आकाश आहे. म्हणून हा लपंडाव. गेम उचलून डी ड्राइव्हवर साध्या फोल्डरात ठेव, व्हर्च्युअलस्टोअरमधली पिल्लं पुसून टाक, आणि युटिलिटीला नव्या जागेचा पत्ता दे. शिवाय काही ट्रॅकांत आकाशाचं चित्र सुटं नसतं, एमएएस नावाच्या गठ्ठ्यात बांधलेलं असतं. तसं असेल तर सुटी फाइल शेजारी ठेवून भागेलच असं नाही, गठ्ठा उघडून त्यात बदलावं लागतं.

यातलं काहीही करण्यापूर्वी ट्रॅकच्या फोल्डरची प्रत काढून ठेव. युटिलिटीत 'मूळ परत आणा' असं बटण असलं तरी. माझ्या एका जुन्या युटिलिटीनं दुसऱ्यांदा आकाश बदलताना पहिलं बदललेलं आकाशच 'मूळ' म्हणून जपून ठेवलं होतं, आणि खरं मूळ गेलं ते गेलंच. तेव्हापासून मी जेएसजीएमई वापरतो. बदललेल्या फायली एका वेगळ्या फोल्डरात ठेवायच्या, ते साधन त्या चालू-बंद करतं आणि ज्या फायली झाकल्या गेल्या त्या बाजूला सांभाळतं. ऑनलाइन खेळत असशील तर हे हवंच. यजमानाच्या फायलींशी तुझी फाइल जुळली नाही की दारातूनच परत पाठवतात. खेळायच्या आधी बंद केलं की झालं.

आता जिथं माझा इलाज चालत नाही ते. रस्त्यावर झाडांच्या सावल्या दिसत असतील आणि सगळे आकडे बदलूनही त्या तशाच राहिल्या, तर त्या सावल्या नव्हेतच. ट्रॅक बनवणाऱ्यानं त्या रंगात भाजून ठेवल्यात, रस्त्याच्या चित्रातच आहेत. त्यासाठी टेक्श्चर एकेक उघडून साफ करावं लागतं. मी एका ट्रॅकवर तीन रात्री घालवल्या आणि सोडून दिलं. गॅदरिंगसाठी तू फॉग जवळ ओढ, आणि कॅमेरा गाडीच्या नाकावर ठेव, जवळचाच थोडा रस्ता नीट दिसेल. बॉनेटवर निळं आभाळ चमकत असेल तर तेही चित्रच असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पांढरी गाडी घे, तिच्यावर खपतं.

असेटो कोर्सा हा दुसरा शर्यतीचा सिम्युलेटर वापरणाऱ्यांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथं मूळ गेममध्ये आकाशाला असं चिकटवलेलं चित्र नाही. कंटेंटमधल्या वेदर फोल्डरात प्रत्येक हवामानाचं एक फोल्डर, आत कलर कर्व्ह्जची फाइल. तिच्यात क्षितिज, आकाश, सूर्य आणि अँबियंट या चौघांचे रंग, सूर्य खाली असताना एक आणि वर असताना एक. फॉगचा रंग आणि अंतर शेजारच्या वेदर फाइलीत. म्हणजे तिथं आभाळ आणि दिवे निदान एकाच घरात राहतात, पण भांडी वेगळीच आहेत, प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं. मूळ फोल्डरवर लिहू नका, प्रत काढून नवं नाव द्या.

तर निपाणीकर, तू या क्रमानं जा: आधी गेम डी ड्राइव्हवर, मग प्रत, मग सपाट करडं आभाळ, मग फॉगचा रंग, मग डायरेक्शनल-अँबियंट, मग अक्षांश आणि तारीख, आणि सगळ्यात शेवटी फॉगचं अंतर. एका वेळी एकच आकडा बदल आणि ट्रॅकवर त्याच एका वळणावर गाडी उभी करून बघ. दोन आकडे एकदम बदललेस तर कशानं काय झालं ते कळत नाही. तुझ्या जीडीबीतल्या डे म्हणून सुरू होणाऱ्या तीन ओळी आणि लॅटिट्यूडची ओळ जशी आहे तशी इथं टाक, आणि फॉगमोड काय निघालं तेही लिही. रविवारी दुकान बंद असतं, दुपारी बघतो.